तिसऱ्या दगडावरचं पाणी

फुमो बिन आथमानबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर त्याच्याकडेच जा. न विचारता सांगेल, आणि दोन भाषांत सांगेल. मी सात वर्षं त्याची बायको होते, आणि गेली पंचवीस वर्षं नाही. तलाक आपण दिला असं तो सांगत फिरतो. मागितला मी होता, आणि मिळाला त्या दिवशी पहिलं काम काय केलं असेल तर त्याला चारचौघांत नावानं हाक मारली. तोवर मुलीच्या नावानं 'तिमाचे बाबा' म्हणत होते. तेव्हापासून फुमो तर फुमो.

मकाडीनी गावाच्या धक्क्यावर माझी खानावळ आहे. झापांचं छप्पर, दोन बाकडी, तीन चुली. सकाळी महामरी, म्हणजे वेलची घातलेल्या गोड पुऱ्या, तळते, सोबत नारळाच्या रसात शिजवलेले तुरीचे दाणे. दुपारी नारळाच्या दुधातला भात आणि मासा. खाडी बघायला येणारा प्रत्येक पाहुणा माझ्यासमोरून जातो, आणि त्याच्यापुढे हा प्रोफेसर. हो, प्रोफेसर म्हणतात त्याला इथले मचवेवाले. म्हणायला लागले होते थट्टेनं. त्याला ते कळलं नाही, आणि आता डोक्यावरची पांढरी टोपी सारखी करून तो स्वतःची ओळख तशीच करून देतो.

पाहुण्यांना काय काय सांगतो ते ऐका. ही खारफुटी म्हणे दर वर्षी एक पाऊल पुढे चालते, माणसं झोपली की. त्याच्या पणजोबांनी ही खाडी शोधून काढली. जशी काही ती हरवली होती. तो करडा बगळा एका पायावर उभा राहून नमाज पढतो. एका इटालियन बाईनं एकदा विचारलं, खेकडे तिरके का चालतात, तर म्हणाला, लाजतात. बाईनं वहीत उतरवून घेतलं. मी समोर मासे साफ करत होते. सुरीनं बोट कापलं माझं, हसू आवरताना.

पाहुणेही तसेच म्हणा. ज्या चिखलाच्या रेंद्यात आमच्या बायका कालवं काढता काढता कंबरेतून वाकल्या त्याला हे लोक स्वर्ग म्हणतात, आणि स्वर्गात उतरायच्या आधी पायाला डासांचं मलम चोळतात. सूर्य मावळताना टाळ्या वाजवतात. आमचा सूर्य रोज मावळतो, त्याला कुणी टाळ्या वाजवल्या म्हणून दुसऱ्या दिवशी चुकत नाही. पण चार घास खातात, भांडं चाटूनपुसून देतात, म्हणून मी बोलत नाही. माझं बोलणं मी फुमोसाठी राखून ठेवलंय.

त्याचे वडील आथमान खरे नाखवा. पाण्यात बोट बुडवून, चाखून ते सांगायचे, भरती अर्धी झाली की पाऊण. मुलगा निघाला हा. तरुणपणी सहा वर्षं एका हॉटेलात शहाळी फोडायला होता. तिथं दहा-बारा इटालियन शब्द आणि कांझूला, अंगातल्या पायघोळ झग्याला, कडक इस्त्री करायची सवय एवढं घेऊन आला. बाप गेल्यावर बापाच्या नावावर नाखवा झाला. बापाचं नाव एवढं मोठं, की त्याच्या सावलीत असली दहा झुडपं खपून गेली असती. आणि चूक म्हणून काही त्याच्या हातून होतच नाही. शीड फाटलं तर वाऱ्याची चूक, मासा करपला तर चुलीची, गुडघे दुखले तर नैरोबीच्या सरकारची. पडलो तरी नाक वर, असा माणूस. मी एवढी कडू का, ते आता सांगते.

आमच्या खाडीचा रिवाज जुना आहे. ज्याच्या हातात सुकाणू असताना मचव्याचा तळ टेकला, त्यानं सगळ्यांआधी चिखलात उतरायचं. आणि वारा फिरून पुन्हा येईपर्यंत, म्हणजे पुरतं वर्ष, त्यानं सुकाणूला हात लावायचा नाही. कुणी भांडत नाही, कुणी पंचायत बसवत नाही. हात कुणाचा होता एवढंच विचारायचं.

तिमा तेव्हा पोटात होती. सहावा महिना. नारळांनी भरलेला मचवा घेऊन आम्ही शिंगोतून चाललो होतो. शिंगो म्हणजे मान. खाडीच्या आतल्या तळ्याकडे जाणारी अरुंद वाट, दोन्ही बाजूंना खारफुटी, आणि भरती पुरी चढलेली असते तेवढाच वेळ तिच्यात मचव्यापुरतं पाणी. निघायलाच उशीर झाला होता, कारण हा कॉफीवाल्यापाशी बढाया मारत बसला होता. त्यात पलीकडच्या काठावर कुणाचं तरी लग्न, बघणारी माणसं असणार. मला म्हणाला, "मोझा, जरा सुकाणू धर. मी कांझू बदलतो." मी धरलं. त्यानं बाहीत हात घातला आणि खाली तळ घासला.

मचव्यावर तिसरा माणूस होता कालुमे, तेव्हा जवान गडी. रिवाजाप्रमाणे त्यानं विचारलं, "सुकाणू कुणाच्या हातात होतं?" खरं तर त्यानं पाहिलं होतं सगळं. तो फुमोच्या तोंडाकडे बघत राहिला, की हा आता म्हणेल, जाऊ दे, मी उतरतो. फुमोनं कांझूची बटणं लावली आणि म्हणाला, "मोझाच्या."

मी उतरले. सहा महिन्यांचं पोट घेऊन मांडीइतक्या रेंद्यात उतरले, आणि हा वरून मला सांगत होता, डावा पाय आधी टाक. तेव्हापासून मला एकच इच्छा होती. या माणसाला एकदा त्या चिखलात उभा बघायचं. बाकी अल्लानं काही दिलं नाही तरी चालेल.

दिलं तसं. तिमा दिली. मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. आठ वर्षं मचव्यावर पाणी उपसलं, नांगर ओढला, वल्ही मारली, आणि आपल्या आजोबांसारखी बोटानं पाणी चाखते. अकरा मचवेवाल्यांच्या मंडळीनं पाहुण्यांसाठी नवा मोठा मचवा बांधला, सुबीरा नावाचा, तेव्हा नाखवा म्हणून फुमोच बसला. पण गुडघे गेलेले, उठताना दोघांनी धरायचं. आता त्याच्या जागी कोण, हे ठरायचं होतं. तिमा, नाहीतर कालुमेचा जावई. जावयाला बादलीतल्या पाण्याकडे बघूनही मळमळतं, पण तो पुरुष आहे ना. मंडळीतले दहा जण म्हणत होते, बाईच्या हाती मचवा कसा द्यायचा. अकरावा कालुमे. तो आता म्हातारा झालाय, मंडळीचा प्रमुख आहे, आदरानं म्झे कालुमे म्हणतात त्याला, आणि त्याचा शब्द दहांना भारी. तिमा रोज पहाटे माझ्याबरोबर चूल पेटवायची आणि म्हणायची, "आई, एकदा त्यांनी मला मचवा नुसता शिंगोतून नेऊ द्यावा. एकदाच." तिला दुसरं काही नको होतं. नवरा नको होता, शहर नको होतं. मला तिच्यासाठी तेच हवं होतं.

आता चांदाचं सांगते. आमच्याकडे पाणी चांदावर चालतं. आज चांद कितवा, म्हणजे नवा चांद दिसल्यापासूनचा दिवस कितवा, त्यावर भरती कधी. चांद एकानं पुढे गेला की भरती थोडी उशिरा येते; भात चुलीवर चढवून उतरवायला लागतो तेवढी. पोरांच्या फोनात भरतीची वेळ असते, पण ती बाहेरच्या समुद्राची. आत आमच्या वळणावळणाच्या खाडीत तिला कोण विचारतो. इथं नाखव्यानं मोजलेला चांद खरा.

यंदा ईद दोनदा झाली. मकाडीनीत चांद दिसला नाही म्हणून आम्ही तिसावा रोजा धरला. पण टेकडीवर बंगला बांधलेले शेख मबरूक मोम्बासात असतात आणि समुद्रापलीकडे दिसलेला चांद मानतात. त्यांची ईद आदल्या दिवशी. आमचे इमाम म्हणाले, दोन्ही अल्लाला पोचतात, भांडू नका. कुणी भांडलं नाही. मी तर दोन्ही दिवशी पिलाव रांधला. पण फुमोला मोठ्यांच्या ओट्यावर बसायची भारी हौस. जन्मभर या काठाचा चांद मोजणारा माणूस, यंदा शेखसाहेबांच्या चांदावर गेला. ईदेला मोम्बासात त्यांच्या घरी, नंतर पुन्हा चार दिवस त्यांच्या पंगतीला. रमजानात पाहुणे नव्हते, मचवा बांधून ठेवलेला. म्हणजे महिनाभर त्यानं पाण्याकडे धड पाहिलेलंही नव्हतं.

ज्या दिवशी तो मोम्बासाहून परतला त्याच दिवशी संध्याकाळची फेरी होती. सहा पाहुणे, दोन इटालियन जोडपी आणि नैरोबीचं एक नवं लग्न झालेलं जोडपं. कालुमेही येणार होता, मचव्याचा कारभार बघायला. आणि माझा भात, तळ्यावर पोचल्यावर वाढायचा.

सकाळी फुमो माझ्या बाकड्यावर टेकला आणि कुणी न विचारता म्हणाला, "असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर बराच वेळ जाऊ देऊन निघू. भरती तेव्हाच पुरी होईल. चांद सतरावा."

तिमा दोर वळत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "सोळावा, बाबा. नमाज झाली की लगेच निघायला हवं. उशीर केला तर शिंगोत सुकती लागेल, पाणी उतरेल."

"सतरावा."

"आपल्या गावात सोळावा आहे."

"गावाला चांद दिसला नाही, तो गावाच्या डोळ्यांचा दोष. माझी ईद खोटी होती का? शेखसाहेबांची ईद खोटी होती?"

आता यावर पोरीनं काय बोलावं. पाण्याचा विषय होता तो ईदेवर गेला, आणि बापाची ईद खोटी असं कोणती मुलगी म्हणेल. तिमानं पुन्हा दोर वळायला घेतला. मंडळीच्या नियमाप्रमाणे निघायची वेळ नाखवा ठरवतो.

मी गप्प बसले ते वेगळ्या कारणानं. मला ठाऊक होतं की चांद सोळावा. मी रोज फजरनंतर, पहाटेची नमाज झाली की, धक्क्याच्या पायऱ्यांवर भांडी घासते, तीस वर्षं घासते. तिसऱ्या दगडावर पाणी कधी असतं, कधी उतरतं, ते मला माझ्या हाताच्या रेषांइतकं माहीत आहे. त्या सकाळी मी उतरले तेव्हा तिसरा दगड उघडा होता, वरचं शेवाळ नुकतं ओलं. सतरावा असता तर दगड पाण्याखाली असता. फुमोला तिथंच सांगता आलं असतं. त्याच्या वडिलांनीही माझ्या दगडाचा शब्द मानला असता.

सांगितलं नाही. मी तुरीचे दाणे ढवळत राहिले, आणि मनात म्हटलं, जा बाबा, जा. आज कालुमे बघेल, इटली बघेल, नैरोबी बघेल. कांझू घालून बस सुकाणूवर. कॅमेरे असले की तो दुसऱ्या कुणाला सुकाणूला हात लावू देत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मी मोठं पातेलं काढलं, लग्नाचं. शिंगोत अडकलो तर पाणी परत येईपर्यंत माणसं उपाशी कशी ठेवणार. आठ-दहा माणसांच्या फेरीसाठी मी वीस माणसांचा भात घातला. पिण्याच्या पाण्याचे दोन डबे जास्तीचे भरले. गाणं गुणगुणत होते, खोटं कशाला सांगू.

असर झाली. मी माझी नमाज पढले, आणि तेवढा वेळ मनात काही आणलं नाही. पाहुणे आले, टोप्या, चष्मे, मलम. फुमो इस्त्रीच्या कांझूत. भरती चढून गच्च झाली होती आणि हा अजून बगळ्याची नमाज सांगत होता. शेवटी सगळे चढले. मी माझं पातेलं घेऊन मधल्या फळीवर बसले. फुमो सुकाणूपाशी गेला, एक हात त्यावर ठेवला, आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "आज तुम्हाला माझी मुलगी नेणार आहे. या किनाऱ्यावरची पहिली बाई नाखवा. ये, तिमा, धर."

मी फळीवरून अर्धी उठले.

कालुमे हसला. म्हणाला, "हे बरं केलंस, प्रोफेसर. मुली, शिंगोतून आत नेलंस आणि नीट परत आणलंस, तर मंडळीत मी तुझ्यासाठी शब्द टाकीन. आजच."

तिमानं सुकाणू धरलं. मी तिचा चेहरा पाहिला. तिनं एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, अजून बेत बदलता येईल. नाही गेलो आत तर? बाहेरूनच फिरवू." तो म्हणाला, "सतरावा चांद आहे, पोरी. घाबरू नको."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात त्यानं माझ्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "बघ, तिमाच्या आई, म्हणत होतीस ना मी तिच्यासाठी काही केलं नाही." तो त्याचा सूर. बत्तीस वर्षं ऐकलेला, तुपात घोळवलेला तो सूर. माझं तोंड मिटलं. मला वाटलं, निघेल मचवा, थोडक्यात निघेल. वाटलं नाही, मी वाटवून घेतलं.

शिंगोच्या तोंडाशीच खारफुटीच्या मुळांवर ओली रेघ दिसत होती, पाण्याच्या वर चार बोटं. तिमानं पाहिली. म्हणाली, "पाणी उतरतंय." फुमो म्हणाला, "थबकलंय. आता चढेल." एवढ्यात आम्ही आत आलो होतो, आणि शिंगोत मचवा वळत नाही. पुढं जायचं नाहीतर थांबायचं. तिमानं जिथं खोल असेल तिथून नेला, तसूतसूनं नेला; तिच्या आजोबांनी यापेक्षा बरा नेला नसता. पण नसलेलं पाणी कोण कुठून आणणार. एका वळणावर मचवा अंगाखालून खरवडला, डावीकडे कलला आणि थांबला. इटालियन लोकांनी फोटो काढले.

कालुमेनं वाकून कडेखालचं पाणी पाहिलं. मग त्यानं विचारलं, कारण विचारावंच लागतं, "सुकाणू कुणाच्या हातात आहे?"

"माझ्या," तिमा म्हणाली. तिनं चपला काढल्या, नीट जोडीनं ठेवल्या, आणि कमरेला गुंडाळलेला कांगा गुडघ्यावर खोचायला लागली. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"वर्षभर थांब, मुली," कालुमे म्हणाला. वाईट वाटून म्हणाला. पण वर्षभर कोण थांबणार होतं, जावई होताच.

मी पातेल्याचं झाकण दोन्ही हातांनी धरून बसले होते, आणि मला माहीत होतं आता काय होणार. फुमो वाऱ्याला दोष देणार. नाहीतर खारफुटीला, एक पाऊल चालली म्हणून. माझी पोर चिखलात उतरणार आणि हा वरून तिला सांगणार, डावा पाय आधी टाक.

फुमोनं टोपी काढली. ती माझ्या शेजारी फळीवर ठेवली. तिमाला म्हणाला, "बस तू." आणि कडेवरून पाय टाकला. गुडघे वाकत नव्हते, दोघांनी धरायची सवय, कुणी धरलं नाही. तो पडल्यासारखाच उतरला. मांडीपर्यंत गेला, कांझू फुगून वर आला आणि मग काळा झाला.

"रिवाज हाताचा आहे, फुमो," कालुमे म्हणाला.

"हात तिचा होता. मोजणी माझी होती." फुमोला धाप लागली होती. "आज चांद सोळावा आहे. तिनं सकाळीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." मग थोडं थांबून, कालुमेकडे न बघता, तो म्हणाला, "मागच्या वेळीसुद्धा माझंच चुकलं होतं."

कालुमेनं मान खाली घातली. त्याला आठवत होतं.

सत्तावीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते माझ्यासमोर होतं. फुमो चिखलात उभा. इस्त्री गेलेली, टोपी गेलेली, टक्कल उन्हात. आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"सोळावा कशावरून?" कालुमेनं विचारलं. त्याचंही बरोबर होतं. उद्या मंडळीला सांगायला काही हवं. बाप मुलीसाठी खोटंही बोलेल, असं म्हणाले असते.

तेव्हा फुमोनं मला विचारलं. सरळ विचारलं, टोमणा नाही, काही नाही. "मोझा, तू रोज बघतेस. आज फजरनंतर तिसऱ्या दगडावर पाणी होतं का?"

एक शब्द बोलायचा होता. नव्हतं, एवढंच. तिमाची बाजू तिथंच उभी राहिली असती. पण मग कालुमेनं विचारलं असतं, मग सकाळी बोलली का नाहीस. तिमानं विचारलं नसतं, नुसतं पाहिलं असतं. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "मी आज पाहिलं नाही."

फुमो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर खाली आली, लग्नाच्या पातेल्यावर. तिथून पाण्याच्या डब्यांवर. एक, दोन. तो मूर्ख आहे असं मी तुम्हाला इतका वेळ सांगत आले. तेवढा मूर्ख तो नाही. आता बोलेल असं मला वाटलं. त्याच्या जागी मी असते तर बोलले असते, आणि मोठ्यानं.

तो कालुमेकडे वळला. "तिनं नाही पाहिलं. मी सांगतोय ना. सोळावा. माझी ईद चुकली नसेल, पण मोजणी चुकली हे नक्की."

ज्या माणसानं जन्मात कधी काही कबूल केलं नाही, त्याची ती कबुली. कालुमेनं ती घेतली. म्हणाला, "ज्याची चूक तो उतरला. रिवाज पुरा झाला. मुली, सुकाणू सोडू नकोस."

नंतर फुमो मचव्याच्या कडेला टेकून माझ्याकडे बघून म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "बरं झालं, भात जास्त आणलास."

पलीकडच्या काठावरच्या कालववाल्या बाया आपल्या होड्या घेऊन आल्या, आणि उजेड होता तोवर पाहुण्यांना पोचवून आल्या. जायच्या आधी सगळे जेवले. पाहुणे, बाया, कालुमे, चिखलात उभा राहून फुमोसुद्धा. नैरोबीची नवी नवरी म्हणाली, आमच्या अख्ख्या सहलीतली सगळ्यात छान संध्याकाळ. एक शीत उरलं नाही.

तिमा आता सुबीराची नाखवा आहे. कालुमेचा जावई किनाऱ्यावर तिकिटं फाडतो, सुखात आहे. फुमो वर्षभर सुकाणूला शिवणार नाही. माझ्या बाकड्यावर बसून पाहुण्यांना सांगतो, की शिंगोच्या चिखलानं गुडघे बरे होतात, स्वतः करून पाहिलंय. गुडघे पहिल्याहून वाईट आहेत. मीठ कमी आहे म्हणतो आणि दोनदा मागतो. मी अजून त्याला जे तोंडात येईल ते बोलते, गाव हसतं. पातेल्याचा विषय तो कधी काढत नाही. काढला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

रोज फजरनंतर तिमा मचव्यावरून हाक मारते, "आई, पाणी कुठं आहे?" आणि मी भांडी तशीच टाकून उठते, दगड बघते, आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगते. फुमो बाकड्यावर दाणे खात असतो. तो मान वर करत नाही.